गटाराने दिलेली वर्दी

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "तुम्हीही काहीतरी लिहा" असे कार्यवाह बाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याचे प्रमाण विचारा, सांगीन. इतिहास लिहिणे हे माझे काम नव्हे. पण बाई म्हणाल्या, "पोलिओच्या बूथवर इतकी वर्षे बसता ना, मग त्याचाच इतिहास लिहा." म्हणून हा प्रयत्न. विषय सांडपाण्याचा आहे. भगिनींनी हवा तर पदर नाकाला लावावा, पण लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढी विनंती.

सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझे माहेर. माझा थोरला भाऊ दोन वर्षांचा असताना तापाने फणफणला. चार दिवसांनी ताप उतरला, पण उजवा पाय लुळा पडला तो कायमचा. आई जन्मभर म्हणत राहिली, "माझ्या लेकराला कुणाची तरी दृष्ट लागली." आळीतली बाकीची मुले धडधाकट होती. त्यामुळे हे दुखणे फक्त आमच्याच घरी आले, असे सर्वांनी धरले होते.

खरी गोष्ट निराळी होती आणि ती मला फार उशिरा कळली. पोलिओचा विषाणू ज्यांच्या पोटात जातो, अशा सुमारे 200 जणांत एखाद्याचाच हात किंवा पाय जातो. बाकीच्यांना बहुधा काहीच होत नाही, फार तर थोडा ताप येतो. परंतु त्या सर्वांच्या शौचावाटे तो विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो आणि घाण हातांनी, घाण पाण्याने दुसऱ्याच्या पोटात जातो. म्हणजे दादाबरोबर अंगणात खेळणाऱ्या पुष्कळ मुलांच्या पोटात तो असणार. दिसला मात्र एकट्या दादाच्या पायात.

मग जो रोग बहुतेकांच्या अंगावर दिसतच नाही, तो हुडकावा कसा?

जुन्या काळी रोग हुडकायचा म्हणजे घरात शिरायचे, हीच रीत होती. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1897 साली पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या. स्वयंपाकघर, देवघर, काही पाहिले नाही. बायकांची अब्रू राहिली नाही. लोक रोग्यांना लपवू लागले, कारण प्लेगाइतकीच त्या तपासणीची धास्ती होती. त्याच संतापातून 22 जून 1897 रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच वर्षी, 10 मार्च रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला, हेही आपण विसरू नये.

त्याच धामधुमीत हाफकिन साहेबांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. 1899 साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. पुढे याच आवारात आतड्यांतल्या विषाणूंचे संशोधन करणारे सरकारी केंद्र उभे राहिले, आणि आपली गोष्ट तिथेच येऊन मिळते.

पण त्याआधी अमेरिकेत काय घडले ते सांगते. पोलिओ नाकावाटे शिरतो, असे पूर्वी पुष्कळ डॉक्टरांना वाटे. 1939 साली चार्ल्स्टन नावाच्या गावात पोलिओची साथ आली. तेव्हा येल विद्यापीठाच्या जॉन पॉल आणि जेम्स ट्रॅस्क या डॉक्टरांनी तिथल्या सांडपाण्याचा नमुना घेतला आणि तो माकडांना टोचून पाहिला. माकडांना पोलिओ झाला. गावाच्या पोटात काय चालले आहे ते गावाच्या गटारात उमटते, हे तेव्हा सिद्ध झाले.

आता मुंबई. 2001 साली परळच्या त्या केंद्रातल्या डॉ. जगदीश देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या झोपडवस्त्यांचे सांडपाणी नेमाने तपासायला सुरुवात केली. काम ऐकायला सोपे आहे. सकाळी लोक शौचाला जाण्याच्या वेळी नाल्यातून लिटरभर पाणी भरायचे, बर्फाच्या पेटीत ठेवायचे आणि प्रयोगशाळेत पोचवायचे. तिथे ते आटवल्यासारखे घट्ट करतात. मग काचेच्या भांड्यात वाढवलेल्या जिवंत पेशींवर त्याचा अंश घालतात. पेशी मरू लागल्या की विषाणू आहे असा संशय येतो. डोसातला दुबळा केलेला विषाणूही बाळांच्या शौचावाटे बाहेर पडतोच, म्हणून हा डोसातला की मूळचा रोगाचा, हे पारखून घ्यावे लागते.

मूळचा विषाणू सापडला की त्याचे गोत्रही काढता येते. मुंबईत सापडलेल्या विषाणूचे नाते उत्तर भारतातल्या विषाणूशी जुळले. यावरून कुणी परगावच्या माणसाला नावे ठेवू नयेत. आपणही पोटासाठीच या शहरात आलो. विषाणूला ना जात ना भाषा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, शहरात पाय गेलेले एकही नवे मूल आढळले नाही, अशा काळातही या पाण्यात विषाणू सापडत असे. गटार आधी वर्दी देत होते.

आता माझी चूक कबूल करते. 2009 साली माझा धाकटा वर्षाचा होता. डोसवाल्या बाई वर्षातून कितीदा तरी दारी येत. एका रविवारी मी बाळाला बूथवर नेले नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोघी जिने चढून आल्या. "वहिनी, दोनच थेंब." मी चिडले होते. म्हटले, "किती वेळा पाजणार? आमच्या मुंबईत आहे कुठे पोलिओ?" आणि दार लावून घेतले. बाहेर त्यांनी खडूने फुली काढली. ज्या घरातले मूल राहिले, त्या दाराची ती खूण असते.

दोन दिवसांनी दादा गावाहून आला. कुबडी टेकत तीन जिने चढला. दारावरची फुली पाहून त्याने विचारले आणि मी सांगितले. तो मला काहीच बोलला नाही. पाणीही न पिता बाळाला कडेवर घेऊन पुन्हा खाली उतरायला लागला. एक हात कुबडीला, एक बाळाला. मला राहवले नाही. धावत जाऊन बाळ घेतले आणि आम्ही दोघे दवाखान्यात गेलो. बाळाच्या करंगळीला शाई लागली तेव्हा दादाने डोळे पुसले.

मी "मुंबईत आहे कुठे पोलिओ" म्हणत होते, त्या काळात तो आपल्याच शहराच्या सांडपाण्यात होता. मुंबईच्या सांडपाण्यात तो शेवटचा सापडला नोव्हेंबर 2010 मध्ये. देशातला शेवटचा रोगी म्हणजे बंगालमध्ये हावडा जिल्ह्यातली एक चिमुरडी. तिला 13 जानेवारी 2011 रोजी पोलिओ झाला. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. रोगी नाही म्हणजे रोग नाही, असे म्हणता येत नाही. गटारही स्वच्छ निघाले, तेव्हा भरवसा आला.

हीच युक्ती इतरांच्याही कामी आली. 2013 साली इस्राएलात एकाही मुलाचा पाय गेला नव्हता, पण राहत नावाच्या गावच्या सांडपाण्यात विषाणू दिसला. सरकारने लाखो मुलांना तोंडावाटे डोस पाजले आणि एकही मूल अपंग झाले नाही. 2020 साली करोना आला, तेव्हा हॉलंडपासून आपल्या देशापर्यंत अनेक शहरांत सांडपाण्यातून त्या साथीचा माग काढला गेला.

मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. गटार कुणाचे नाव सांगत नाही. इमारतीतला असो की झोपडीतला, सर्वांचे पाणी तिथे एक होते. त्यामुळे कुणाच्या घरात शिरावे लागत नाही, कुणाला लाजेने रोग लपवावा लागत नाही. प्लेगच्या काळी आपल्या आज्या-पणज्यांनी जे सोसले, ते यात नाही.

मात्र गटार नुसती वर्दी देते. पुढे डोसाची पेटी घेऊन कुणातरी बाईला जिने चढावेच लागतात, आणि दार उघडणे आपल्याच हाती असते. पाकिस्तान व अफगाणिस्तानातून मूळचा पोलिओ अद्याप हटलेला नाही, म्हणून आपल्याकडचे डोसही थांबलेले नाहीत.

मी आता बूथवर बसते ती दादासाठी. यंदाही आपल्या मंडळाच्या दिवाणखान्यात बूथ लागेल. भगिनींनो, बाळांना घेऊन या, आणि शेजारणीच्या दारावर फुली दिसली तर तिला रागावू नका, तिच्याबरोबर चालत या. इतके सांगून मी आपली रजा घेते.