रेवडीची कुस्ती

खानदेशात गावची यात्रा म्हटली की तमाशा आला आणि कुस्त्यांची दंगल आली. मोठे पैलवान मैदानात उतरण्याआधी पोरांच्या कुस्त्या लावतात. आठ-दहा वर्षांची पोरे, अंगापेक्षा लंगोट मोठा. बक्षीस काय, तर मूठभर रेवड्या. म्हणून त्यांना रेवडीच्या कुस्त्या म्हणतात. जिंकलेला पोरगा पुष्कळदा त्यातल्याच दोन रेवड्या हरलेल्याच्या हातावर ठेवतो. हरलेल्याचा बाप त्याच्या पाठीची माती झटकतो आणि दोघे गर्दीत मिसळतात. पोराला जिंकण्याची गोडी लागण्याआधी पडण्याची सवय व्हावी, अशी ही जुनी सोय आहे.

मी कवी माणूस, शब्दांकडे लक्ष जाते. कुस्ती, पैलवान, वस्ताद, दंगल, खुराक, जोर हे सगळे शब्द फारसीतून आले आणि मराठी मातीत असे मुरले की आता परके वाटत नाहीत. मातीत उतरले की कोण कुठून आले हे विचारत नाहीत, शब्दांनाही नाही.

अशाच मातीतून चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी वर आला. घरात कुस्ती, वडीलही पैलवान. २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे त्याने महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. कोल्हापूर-पुण्याची मक्तेदारी मानल्या गेलेल्या गदेवर जळगाव जिल्ह्याचे नाव लागले, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी बापांनी आपापल्या पोरांना तालमीचा रस्ता दाखवला. चांगली गोष्ट. पण गदा एकच असते आणि पोरे शेकडो. उरलेल्यांनी घरी कोणत्या तोंडाने जायचे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना मला खाशाबा जाधव आठवतात.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कऱ्हाड तालुक्यातल्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, मुलाचे पहिले वस्ताद तेच. पैलवानाच्या घरी हार ही नवखी पाहुणी नसते. ज्याची स्वतःची पाठ मातीला लागलेली आहे, तो मुलाच्या पाठीला माती लागली म्हणून आकाश कोसळल्यासारखे करत नाही.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला खाशाबा गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. जन्म मातीत गेलेला, तिथे एकदम मॅट. नियम वेगळे, गुणांची पद्धत वेगळी. तरी ते सहावे आले. आज कोणी ‘फक्त सहावा’ म्हणेल. त्यांनी मात्र त्या सहाव्या क्रमांकाला पायरी केले आणि पुढची चार वर्षे नव्या नियमांची कुस्ती घटवली.

इथे थोडे आजचे बोलतो. जळगाव-धुळ्याच्या मैदानांवर संध्याकाळी उभे राहा. आईबाप कठड्याशी उभे राहून ओरडत असतात. सामना हरलेले पोर बाहेर येते, तेव्हा पहिला प्रश्न येतो, ‘कसा काय हरलास?’ दुसरा येतो, ‘फी किती भरतोय माहितीय ना?’ पोर उत्तर देत नाही. बुटाची नाडी सोडत बसते. एका म्हातारीला मात्र मी नातवाला विचारताना ऐकले, ‘भूक लागनी का रे?’ पोरगा लगेच रडला, पोटभर रडला आणि मग भाकरी खाल्ली. चुकले कुठे हे दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक सांगतीलच, त्यासाठी ते आहेत. घराने त्या संध्याकाळी भाकरीचेच विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१९५२ च्या हेलसिंकीची वाट तर त्याहून कठीण होती. निवड चाचणीत आपल्याला डावलले गेले असे खाशाबांचे म्हणणे होते. ते रुसून घरी बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि जिंकली. मग पैशांचा प्रश्न आला. घरचे लोक गावात दारोदार फिरले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या भाषेत ‘पालक’ शब्दाचा अर्थ जन्मदाता एवढाच नाही, हे अशा वेळी कळते.

हेलसिंकीत बँटमवेट गटात जपानच्या इशीशी त्यांची लांबलेली कुस्ती झाली. ती हरल्यावर दम खायला न देता त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभे केले. नियमाने मधे विश्रांती हवी होती. पण त्यांच्या बाजूने भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. आईबापही नव्हते. मॅटवर आईबाप कधीच नसतात. तरी खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पुढची वर्षे सोपी नव्हती. १९५५ साली पोलिसात सब-इन्स्पेक्टरची नोकरी मिळाली. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे मेलबर्न हुकले. १९८४ साली रस्ते अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. वडिलांना पद्म सन्मान मिळावा म्हणून मुलगा रणजित वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले. बापाने पोराला उभे करायचे असते, इथे पोरगा बापासाठी उभा राहिला.

पण त्यांच्या आयुष्यातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे तो पदकानंतरच्या काही दिवसांचा. शंभरावर बैलगाड्या जोडून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. ढोल, गुलाल, हार, सगळे झाले. गुलाल धुतल्यावर हा ऑलिंपिकवीर पुन्हा लंगोट कसून मैदानात उतरला. कुस्त्या भरवल्या, स्वतः लढला आणि जमलेले पैसे प्राचार्य खर्डेकरांच्या हातात नेऊन ठेवले. गहाण पडलेले घर सुटले.