वेली गुलाब, पानवेल आणि अष्टागरची वाडी

अलिबागपासून रेवदंड्यापर्यंत रस्त्याकडेच्या कुंपणांकडे नजर टाकत गेलो, की वेलींची एक ठरलेली रांग दिसते. बोगनवेल सर्वांत जास्त, तिच्या खालोखाल मधुमालती. आत शिरले की दाराशी जुई आणि पोफळींवर पानवेल किंवा मिरवेल. वेली गुलाब या रांगेत फार क्वचित भेटतो. जिथे भेटतो आणि खरोखर दहा-पंधरा फूट चढून फुललेला दिसतो, तिथे घरामागे बहुधा चालती वाडी असते आणि वाडीत उघडी, गोड्या पाण्याची विहीर असते. नवीन बंगल्यांच्या लोखंडी कमानींवर लावलेला तोच गुलाब दोन पावसाळ्यांत खंगतो आणि तिसऱ्या वर्षी तिथे बोगनवेल येते. हा फरक कशामुळे पडतो, याचा शोध मी काही वर्षे घेतो आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकलेला नाही. तालुक्याच्या ठिकाणी कारकुनी करता करता गॅझेटियरे आणि जुनी बागकामाची पुस्तके वाचली, आणि संध्याकाळी घरच्या परसात माती उकरली, एवढीच माझी पात्रता.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. वेली गुलाब ही खरी वेल नाही. जुई आधाराभोवती स्वतः विळखे घालते, कारल्याला ताणे असतात, पानवेलीच्या प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात आणि ती पोफळीच्या सालीला घट्ट धरतात. गुलाबाकडे यातले काहीच नाही. त्याच्याकडे लांब, लवचिक फांद्या आणि मागे वळलेले काटे आहेत. रानात तो शेजारच्या झुडपांवर काटे अडकवून वर जातो. अंगणात अशी झुडपे नसतात, म्हणून त्याला कोणीतरी बांधावे लागते, आणि फांदी लांबली की पुन्हा बांधावे लागते. माणसाचा हात सुटला की तो जमिनीवर काट्यांचा ढीग होऊन पडतो. वेली गुलाबाचा इतिहास त्यामुळे बांधणाऱ्या हातांचाही इतिहास आहे.

कोकणच्या रानात मूळचा गुलाब नाही. सह्याद्रीत वर चढणारा रानगुलाब पाहायचा तर निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांपर्यंत जावे लागते. तिथे पांढऱ्या फुलांचा रोझा लेश्नॉल्टियाना आहे. हिमालयाच्या उतारांवर पांढऱ्या घोसांचा, झाडांवर चढणारा गुलाब आहे, आणि भावप्रकाश निघंटूच्या पुष्पवर्गातला कुब्जक तो हाच, असे अभ्यासक मानतात. आपण वापरतो तो शब्द मात्र फारसीतला. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. मुळात अत्तरदाणीतल्या पाण्याचे हे नाव आपल्याकडे फुलालाच चिकटले. पुढे त्या पाण्याला ‘गुलाबपाणी’ म्हणताना आपण पाणी दोनदा घातले, हे कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

आज ज्याला आपण वेली गुलाब म्हणतो, तो या दोन्हींपेक्षा नवा आहे आणि त्याच्या जन्मकथेत हिंदुस्थानचाही वाटा आहे. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. बारमाही फुलण्याचा गुण चिनी गुलाबांत होता. अठराव्या शतकाच्या शेवटी ते गुलाब जहाजांतून पश्चिमेला निघाले, तेव्हा वाटेतला एक मोठा थांबा कलकत्त्याची कंपनी सरकारची बाग हा होता. त्यामुळे फ्रेंचांनी या चिनी गुलाबांना ‘बंगालचे गुलाब’ असेच नाव दिले. पुढे अमेरिकेतल्या चार्ल्सटनजवळ जॉन चॅम्पनीज या भातशेतीच्या मालकाकडे चिनी गुलाब आणि कस्तुरी गुलाब यांच्या संकरातून एक लांब फांद्यांचा, घोसांनी फुलणारा गुलाब निपजला. फिलिप न्वाझेत या माळ्याने त्याच्यापासून पुढची रोपे तयार करून पॅरिसला आपल्या भावाकडे पाठवली. वारंवार फुलणारा आणि वर चढणारा गुलाब बागांतून पसरू लागला तो या न्वाझेत कुळापासून. त्याच वंशात १८६४ साली फ्रान्समध्ये ‘मारेशाल नील’ हा पिवळा, सुवासिक, मान खाली घालणारा गुलाब आला. थंडीत तो गारठतो. उबदार हवेत खुलतो. हिंदुस्थानातल्या साहेबांच्या बंगल्यांत तो लाडका झाला, यात आश्चर्य नाही.

आपल्या बाजूला ही विलायती रोपे कशी आली, हे समजण्यासाठी मुंबई आणि पुण्याकडे वळावे लागते. सर जॉन माल्कम यांच्या गव्हर्नरीत १८२८ साली पुण्याजवळ दापोडी येथे सरकारी वनस्पती बाग सुरू झाली. १८३० साली मुंबईत ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली. १८३९ साली जॉन ग्रॅहम यांनी केलेली मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी छापली गेली. ग्रॅहम पेशाने टपाल खात्यातले अधिकारी होते. यादी पूर्ण होण्याआधीच ते वारले आणि उरलेले काम जोसेफ निम्मो यांनी तडीस नेले. माझ्यासारख्या कारकुनाला या टपालवाल्याबद्दल आपुलकी वाटते, हे कबूल करायला हरकत नाही. १८६२ साली भायखळ्याची राणीची बाग उघडली आणि शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात गणेशखिंडीच्या बागेचे काम पाहणाऱ्या वुड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिले.

मुंबई ते अष्टागर हे अंतर पाण्यावरून काही तासांचे. १८४१ साली भाऊ रसूल या नावाने ओळखल्या गेलेल्या लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य यांनी धक्का बांधला, आणि भाऊचा धक्का ते रेवस ही या किनाऱ्याची नेहमीची वाट झाली. इकडून नारळ, सुपारी, पाने आणि भाजी जात असे. शहरातली नवलाई यायला हीच सरळ वाट होती.

पण रोप आणणे आणि रोप जगवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर अलिबागच्या पट्ट्यात २,००० मिलिमीटरच्या वर, तोही बहुतेक चार महिन्यांत. गुलाबाचे पान सतत ओले राहिले की त्यावर काळे ठिपके पडतात, पान पिवळे होऊन गळते आणि फांदी शेंड्याकडून वाळत खाली येते. त्यात खारा वारा. देशावरच्या किंवा बंगालच्या हवेसाठी लिहिलेली पुस्तके इथे अर्धीच उपयोगी पडतात. उरलेले अर्धे ज्ञान वाडीत होते, आणि ते पानवेलीमुळे होते.

अलिबाग या नावातच बाग आहे. अली नावाच्या एका श्रीमंत माणसाने इथे विहिरी खोदल्या आणि बागा केल्या, म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. आख्यायिकेतही विहीर आधी आणि बाग नंतर येते. सासवणे, आवास, किहीम, थळ, अलिबाग, आक्षी, नागाव आणि चौल-रेवदंडा असे हे आठ आगर. सांगणाऱ्याप्रमाणे यादी थोडी बदलते. माड आणि पोफळी, मध्ये केळी, पोफळींवर पानवेल, विहिरीवर बैलाचा रहाट आणि तिथून प्रत्येक आळ्यापर्यंत गेलेले पाट, ही इथल्या वाडीची जुनी मांडणी.

पानवेल सांभाळणे हे बांधण्याचे काम आहे. कोवळा शेंडा खोडाला टेकवून केळीच्या सोपटाने सैल बांधायचा, कारण सोपट मऊ असते, फांदीला कापत नाही आणि वेलीने पकड घेतली की आपोआप कुजून गळते. देशावरच्या पानमळ्यांत वेल शेवरी-पांगाऱ्याच्या आधाराने चढवतात. ती फार उंच गेली की उतरवून तिचा पाने गळालेला भाग वेटोळे करून मातीत पुरतात. त्याला नवीन मुळे आणि नवीन फूट येते. सरळ वर जाणाऱ्या वेलीपेक्षा वाकवलेली वेल जास्त देते, हे पानमळेवाल्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

नेमका हाच वेली गुलाबाचा मंत्र आहे. फांदी उभी ठेवली तर शेंड्यात तयार होणारे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दबवून ठेवते आणि फुले फक्त टोकाला येतात. तीच फांदी आडवी किंवा कमानीसारखी वाकवून बांधली की हा धाक कमी होतो, जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून आखूड फांदी निघते आणि तिच्यावर फुले येतात. इंग्रजी पुस्तके हे शास्त्र म्हणून सांगतात. वाडीत वाढलेल्या बाईला ते हाताने माहीत असते. माझ्या ओळखीच्या वाड्यांत गुलाब पोफळींच्या सावलीत कधीच नसतो. त्याला निदान पाच-सहा तास ऊन हवे. तो विहिरीच्या कठड्याजवळ किंवा अंगणाच्या कडेला असतो. तिथे ऊन येते, समुद्राकडचा वारा माडांच्या रांगेने अडवलेला असतो आणि पाटाचे पाणी मुळाशी पोहोचते, पानांवर पडत नाही. आळे जमिनीपेक्षा वीतभर उंच असते, त्यामुळे पावसाचे पाणी बुंध्याशी साचत नाही.

इथले वेळापत्रकही पुस्तकापेक्षा थोडे निराळे आहे. पावसाळ्यात फांद्यांना हात लावायचा नाही. फक्त ठिपक्यांची पाने वेचून वाडीबाहेर टाकायची. नवरात्र उलटून आकाश निवळले की मेलेले आणि अगदी जुने लाकूड बुंध्यापासून काढायचे. दोन-तीन वर्षांच्या जोमदार फांद्या मात्र छाटायच्या नाहीत. झुडपी गुलाबासारखी सरसकट छाटणी केली तर वेलीचे ते वर्ष वाया जाते. त्या वाकवून बांधायच्या आणि त्यांच्यावरच्या फुलून गेलेल्या आखूड फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणायच्या. मग कुजलेले शेणखत, वर झावळ्यांचा किंवा वाळक्या पानांचा थर. दिवाळीनंतर फूट जोर धरते आणि थंडीत घोस येतात.

आता विहिरीकडे येतो, कारण माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच अडते. समुद्राकाठच्या वाळूमिश्रित जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बादोन घायबेन आणि पुढे हर्झबर्ग यांनी याचे गणित मांडले. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ फूट वर असेल, तर खाली साधारण ४० फुटांपर्यंत गोडे पाणी असते. याचा उलटा अर्थ असा, की वरची पातळी १ फूट खाली गेली तर खारे पाणी ४० फूट वर सरकते. रहाट संथपणे पाणी काढत असे आणि बैल थकला की थांबत असे. तेवढ्या वेळात विहीर पुन्हा भरे. खोल बोअर आणि पंप थांबत नाहीत. शेजारच्या चार प्लॉटांवर बोअर पडले आणि पोहण्याचे तलाव भरू लागले, की एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचे पाणी मचूळ लागते. माड ते सहन करतो, बोगनवेलही करते. गुलाब करत नाही; त्याच्या पानांच्या कडा करपतात.

म्हणून मी वेली गुलाबाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहतो. कुंडीतला गुलाब दर वर्षी नवा विकत आणता येतो. वेली गुलाबाला नुसता जम बसवायला दोन-तीन वर्षे लागतात. पंधरा-वीस वर्षांची, बुंधा मनगटाएवढा झालेली वेल उभी असेल, तर तेवढी वर्षे त्या विहिरीचे पाणी गोड राहिले आणि तेवढ्या वर्षी कोणीतरी दसऱ्यानंतर वेळ काढून तिला बांधले, असा त्याचा अर्थ होतो. असा दाखला तलाठ्याच्या दफ्तरात मिळत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धनकडे पोफळींच्या आणि माडांच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या, आणि त्यांच्यावरच्या वेलीही गेल्या. नवीन पोफळ फळायला सहा-सात वर्षे लागतात. तेवढा काळ थांबण्याऐवजी जमीन विकणे अनेकांना सोपे वाटले, यात त्यांना दोष देता येणार नाही. पण वाडी गेली की तिच्याबरोबर पाट, माडांची आडोशाची रांग आणि सोपटाने बांधणारा हात, तिन्ही जातात.

दापोडीच्या बागेत गिब्सन यांनी वनस्पतींची सुंदर चित्रे करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या बागेत जपलेली आहेत. चित्रे काढणारा कलावंत पोर्तुगीज-हिंदी होता एवढे कळते. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. तिथल्या माळ्यांची गत याहून वेगळी असण्याचे कारण नाही. ग्रॅहम यांच्या यादीतूनही आपल्याला झाडांची नावे मिळतात. ती जगवण्याची रीत त्या काळी कोणाला लिहिण्याजोगी वाटली नाही, आणि आपल्या पिढीलाही अजून वाटलेली नाही.

ती लिहून काढण्याचे काम मी सध्या वहीत करतो आहे: कोणत्या गावात किती जुनी वेल, विहीर उघडी की बोअर, मे महिन्यात पाण्याची चव कशी, बांधायला सोपट, सुंभ की प्लॅस्टिक, आणि हे कोणी शिकवले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत आजी किंवा सासू असे येते. वाचकांपैकी ज्यांची किनाऱ्यावर वाडी आहे, त्यांनी आपल्या घरची अशी नोंद या दिवाळीच्या सुटीतच करून ठेवावी. घरातली जाणती माणसे जवळ असतात, आणि फांद्या वाकवून बांधण्याचे दिवसही हेच आहेत.