जोडनौका

तमिळमध्ये ‘कट्टुमरम्’ म्हणजे बांधलेले ओंडके. इंग्रजांनी हा शब्द कोरोमंडल किनाऱ्यावरून उचलला आणि पुढे पॉलिनेशियन धर्तीच्या जोडनौकेला चिकटविला. शब्द एकाचा, विद्या दुसऱ्याची!

जेम्स व्हॅरम या इंग्रज तरुणाने १९५४ साली ‘टांगारोआ’ ही अवघी साडेतेवीस फुटी जोडनौका स्वतः बांधली आणि दोन जर्मन तरुणींसह अटलांटिक ओलांडून त्रिनिदाद गाठले. तेथे चाळीस फुटी ‘रोंगो’ बांधताना मात्र बर्नार्ड म्वातेसिए आणि हेन्री वेकलॅम या मुरलेल्या दर्यावर्दींनी त्याला हात दिला. १९५९ मध्ये ‘रोंगो’ने उत्तर अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेकडे पार केला. जोडनौकेने असे पूर्वी कधी केले नव्हते.

मग ‘रोंगो’ त्याने स्वतः बांधली असे म्हणावे काय? तरुणपणी मी ‘नाही’ म्हणालो असतो. त्याच ताठ्यात कोकणात मी एक होडी बांधली. सुताराला जवळ फिरकू दिले नाही. पहिल्याच भरतीत उलांडी सुटली नि होडी कलंडली. म्हातारा सुतार काही बोलला नाही. काथ्या घेऊन शेजारी बसला आणि त्याने गाठ दाखविली. होडी माझीच राहिली. फक्त ती आता तरंगत होती.