वाड्याचा चौक

वाड्याची खरी ओळख मधल्या मोकळ्या जागेने, म्हणजे चौकाने होते. अठराव्या शतकात पुणे मराठी राज्याच्या कारभाराचे केंद्र झाले आणि सरदार, सावकार, कारभारी यांनी पेठांतून वाडे उभारले. ऐपतीप्रमाणे कुणाचा वाडा एकचौकी, कुणाचा दुचौकी. 10 जानेवारी 1730 रोजी थोरल्या बाजीरावांनी पाया घातलेल्या शनिवारवाड्यात तर अनेक चौक होते.

रस्त्याच्या बाजूने वाडा जवळजवळ मिटलेला असे. जाड भिंत, भक्कम दरवाजा आणि त्यात वाकून जाण्याजोगी दिंडी. काळोखी देवडी ओलांडली की एकदम चौकातले ऊन अंगावर येई. पहिल्या चौकाभोवती ओसरी, कचेरी आणि पाहुण्यांची ऊठबस, माडीवर दिवाणखाना. आतल्या चौकाला लागून माजघर, स्वयंपाकघर, देवघर आणि मध्ये तुळशीवृंदावन. ही मांडणी सुखाची होती, तशीच ती बायकांचा वावर आतल्या चौकापुरता राखणारीही होती.

बांधणी लाकडाची. दगडी जोत्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा उभा राही, मधल्या भिंती विटामातीच्या. खांब थेट जमिनीत न रोवता दगडी तळखड्यावर ठेवत, म्हणजे ओल लाकडात चढत नसे. खोलीचे माप खणांत सांगत. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. त्यामुळे लहानमोठ्या सगळ्या खोल्यांना एकच ताल मिळे, आणि वाड्याच्या देखणेपणाचे मर्म बहुधा इथेच आहे. उन्हाळ्यात तापलेली हवा चौकातून वर निघून जाई, पावसाळ्यात उतरत्या छपरांच्या पागोळ्या फरसबंदीवर पडत आणि पाणी मोरीवाटे बाहेर जाई. शोभाही याच सांगाड्याची: सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे खांब आणि त्यांना जोडणाऱ्या महिरपी. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात असे खांब आजही पाहता येतात.

लाकूड हेच वाड्याचे बळ, आणि धोकाही. फेब्रुवारी 1828 मधल्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्या. इतर वाड्यांत पुढे बिऱ्हाडे आली. भाडेनियंत्रणाने भाडी गोठली, डागडुजी थांबली, चौकात नळ आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आल्या. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या.

नव्या वसाहतींत इमारतीच्या चारी बाजूंनी जागा सोडण्याचा नियम आला. घराच्या पोटात असलेली मोकळी जागा अशी बाहेर गेली आणि कुंपणालगतची अरुंद पट्टी झाली. तिथे गाड्या उभ्या राहतात, माणसे बसत नाहीत. ही अदलाबदल वाडे पडण्याइतकीच महत्त्वाची, पण तिची नोंद क्वचितच घेतली जाते.

मोकळ्या आकाशाखालची जागा पुन्हा वास्तूच्या मध्यभागी आणणाऱ्यांत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया अग्रणी. पुण्यातील आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवाराच्या मध्यभागी त्यांनी कुंड योजले. नवी मुंबईत बेलापूरला 1980 च्या दशकात त्यांनी आखलेल्या वसाहतीत सुमारे सात-सात घरे साधारण 8 मीटर लांबी-रुंदीच्या सामायिक अंगणाभोवती आहेत. शेजाऱ्याला धक्का न लावता घर वाढवता यावे म्हणून दोन घरांत सामायिक भिंत ठेवलेली नाही. पुढे अनेक रहिवाशांनी घरे वाढवली, काहींनी पाडून नवी बांधली.