लोहाराच्या भात्यापासून वेल्डिंगच्या टाकीपर्यंत



वखराची पास मोडली की आज आपण ती वेल्डिंगच्या दुकानात टाकतो आणि चहा पिऊन होईतो काम झालेले असते. आपल्या आजोबांचे तसे नव्हते. गावचा लोहार दोन्ही तुकडे भट्टीत पांढरे होईपर्यंत तापवी, सांध्यावर टाकणखार नाहीतर बारीक वाळू टाकी, आणि ऐरणीवर घणाखाली ते एकजीव करी. बैलगाडीच्या चाकाची धावही अशीच जोडली जाई. त्या कामात भाजण्याचा धोका होता, पण तो डोळ्यांना दिसणारा होता.

मी शेतीचा पदवीधर. याला लोखंडातले काय कळते, असे कोणी म्हणेल. पण भंगारातून जुने वेल्डिंगचे सामान स्वस्तात उचलून आणणारे शेतकरी मला भेटतात. ते सामान कोणत्या काळातले, हे ओळखता आले तर त्यात धोका कुठे दडला आहे तेही कळते.

आपल्या भागाने मोठे यंत्रकाम जवळून पाहिले ते बोधनला. येसगीजवळ मांजरा ओलांडली की बोधन किती दूर? तिथे १९३७ साली निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. तेव्हा बिलोली काय अन् बोधन काय, दोन्ही हैदराबाद संस्थानातच. सीमा मध्ये आली ती १९५६ साली. कारखाना २०१५ साली बंद पडला. साखर कारखाना म्हणजे बॉयलर, नळ आणि टाक्या. तिथे जोडकामाला खंड नसतो. अशा कारखान्यांतून हात बसलेले कारागीर बाहेर पडतात, आणि जुने झालेले सामानही.

या जुन्या सामानात सर्वांत फसवे म्हणजे कार्बाइडची गॅस टाकी. कार्बाइड तुम्हाला ठाऊक आहे. केळी-आंबे पिकवायला वापरत तेच. आता त्याला कायद्याने बंदी आहे. १८९२ साली अमेरिकेत विजेच्या भट्टीत ते करण्याची रीत सापडली. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो, एका किलोपासून सुमारे तीनशे लिटर. पूर्वी यावर सायकलचे दिवे चालत. १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फ्रान्समध्ये हा वायू ऑक्सिजनबरोबर जाळून तीन हजार अंशांवरची ज्योत मिळवली गेली, आणि गॅस वेल्डिंग सुरू झाले.

ही टाकी ओळखायची कशी? बहुधा गोबर गॅससारखी एकात एक बसणारी दोन पिंपे असतात. बाजूला कार्बाइडचा खण, बुडाला चुन्याचा गाळ काढायचे तोंड. नळीच्या वाटेवर पाण्याची लहान कुपी असते. उलटी फिरलेली ज्योत ती अडवते. ही कुपी तुटली म्हणून काढून टाकलेल्या टाक्या मी पाहिल्या आहेत!

मागच्या पावसाळ्यात तालुक्यातल्या एका गावी असेच पिंप अंगणात दिसले. घरधनी म्हणाले, "साहेब, पाण्याची टाकी करतो हिची, वरचं झाकण तेवढं कापायचं राहिलंय." छिन्नी-हातोडा शेजारीच पडलेला. मला लसणासारखा वास आला. कार्बाइडच्या गॅसचा वास असाच असतो. चुन्याच्या थराखाली जुने कार्बाइड शिल्लक होते आणि त्याला पावसाची ओल लागली होती. हा वायू हवेत शेकडा अडीच भाग असला तरी ठिणगीसरशी भडका होतो. पोरांना दूर केले, चूल-बिडी विझवली, पिंपाला हात लावू दिला नाही. नांदेडहून गॅसचे काम जाणणारा कारागीर आला, त्याने दिवसाउजेडी सगळे साफ केले. आतून निघालेले खडे पाहून घरधनी खालीच बसले.

तेव्हा अशी टाकी ठोकू नका, कापू नका, थोडे पाणी घालूनही पाहू नका. तिच्या दुरुस्तीत तांब्याची नळी घालणे तर फारच वाईट. तांब्याशी या वायूचा संयोग होऊन धक्क्याने फुटणारा पदार्थ तयार होतो. माझ्या मते ही टाकी दुरुस्त करूच नये.

पुढे तयार सिलिंडर आले. काळा ऑक्सिजनचा, काळपट तांबडा ॲसिटिलीनचा. ऑक्सिजनच्या आट्या उजव्या, ॲसिटिलीनच्या डाव्या, आणि डाव्या नटाच्या कडांवर खाच असते. नट बसत नाही म्हणून जोर करू नका. ऑक्सिजनच्या तोंडाला तेल-ग्रीसही लावू नका, दाबाखाली ते पेट घेते.

विजेच्या वेल्डिंगची सुरुवात रशियात १८८० नंतरच्या दशकात झाली. काडीला लेप देण्याची युक्ती स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांची. मुंबईत ॲडवानी-ओर्लिकॉन कंपनी १९५१ साली निघाली. जुना तेलाचा ट्रान्सफॉर्मर वजनावरून, चाकांवरून आणि करंट कमी-जास्त करायच्या दांड्यावरून ओळखू येतो. त्याचे जुने तेल विषारी असू शकते. ते हाताला लावू नका, विहिरीजवळ सांडू नका. आतल्या जुन्या पांढऱ्या दोऱ्या-कापडात ॲस्बेस्टॉस असू शकतो, तो घासून झाडू नका. होल्डरवर ऐंशीच्या आसपासच व्होल्ट असतात खरे, पण ओल्या रानात अनवाणी माणसाला तेवढे पुरेसे आहेत. यंत्र जोडण्याआधी वायरमनकडून मेगर लावून घ्या, पेटीला अर्थिंग करून घ्या. व्होल्ट-अँपिअरची पट्टी निघून गेलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.