‘काप रे भाजी!’ : गोव्याचा फारिया आणि संमोहनाची गोष्ट

जीवधनच्या पायथ्याच्या आपल्या घाटघरमधून बोलतेय.

गेल्या महिन्याच्या बैठकीत एका ताईंनी गटाकडे पाच हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "मालकांची दारू सोडवायचीय. एक जण संमोहन करून एका बैठकीत सोडवतो म्हणे." कुणी म्हणालं, हा भगताचाच प्रकार. कुणी म्हणालं, नाही, हे शास्त्र आहे. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या, आणि मला काही सांगता येईना. मग मी वाचायला बसले. जे सापडलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

गोष्ट सुरू होते युरोपात. अडीचशे वर्षांपूर्वी मेस्मर नावाचा एक डॉक्टर म्हणायचा, की माझ्या अंगातून लोहचुंबकासारखी शक्ती निघते आणि तिनं रोग बरे होतात. पॅरिसमध्ये त्याच्याकडे झुंबड उडायची. शेवटी १७८४ साली फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. समितीनं एका बागेत एका झाडात ही शक्ती भरायला लावली आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडाझाडाशी नेलं. पोरगं बेशुद्ध पडलं, पण भलत्याच झाडाजवळ! म्हणजे झाडात काही नव्हतं, जे होतं ते मुलाच्या मनात होतं. समितीनं म्हटलं, शक्ती-बिक्ती काही नाही, ही सारी कल्पना. आणि विषय मिटवला.

पण मनातल्या कल्पनेनं माणूस खाली पडतो, तर त्याच कल्पनेनं उभा राहील का? हा प्रश्न ज्यानं धरून ठेवला, तो आपल्या शेजारच्या गोव्याचा.

जुझे कुस्तोदियो फारिया १७५६ साली बारदेशातल्या कांदोळी गावात जन्मला. आईवडिलांचं पटलं नाही. दोघं वेगळी झाली. वडील पाद्री झाले, आई मठात गेली. पोरगं वडिलांबरोबर १७७१ साली जहाजानं पोर्तुगालला निघालं. पुढे रोममध्ये शिकून तोही पाद्री झाला.

त्याची एक गोष्ट गोव्यात अजून सांगतात. लिस्बनला राणीच्या प्रार्थनाघरात त्याला प्रवचन द्यायचं होतं. समोर सगळी बडी मंडळी. हा उभा राहिला आणि तोंडातून शब्द फुटेना. तेव्हा वडील हळूच कोकणीत म्हणाले, ही सगळी भाजी आहे, काप रे भाजी! झालं, भीती पळाली आणि प्रवचन धडधड सुरू झालं. एका वाक्यानं आपलं मन एवढं कसं पालटलं, हा विचार म्हणे त्याला आयुष्यभर सुटला नाही.

मैत्रिणींनो, पहिल्यांदा बँकेत साहेबापुढे बोलताना पाय लटपटले नाहीत, अशी आपल्यात कोण आहे? मागून कुणीतरी "बोल गं, आपलेच पैसे आहेत" म्हटलं, की आवाज फुटतो. तसंच ते.

फारिया पुढे पॅरिसला गेला. १८१३ पासून तिथं तो लोकांसमोर प्रयोग करायचा. माणसाला आरामात बसवायचा, डोळे मिटायला सांगायचा आणि ठामपणे म्हणायचा, "झोपा!" काहींना खरंच गुंगी लागायची, काहींना लागायची नाही. तो स्पष्ट सांगायचा, की माझ्यात कसलीही शक्ती नाही, जे घडतं ते तुमच्याच मनातून घडतं. त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. रक्त पातळ असलेल्याला लवकर गुंगी येते, असं त्याला वाटायचं. ते पुढे टिकलं नाही. १८१६ साली त्याची टिंगल करणारं नाटक आलं, लोक हसले. १८१९ साली तो गेला, त्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं. पण त्याचा मुद्दा मेला नाही. १८४० नंतर इंग्लंडच्या ब्रेड नावाच्या डॉक्टरनं या विद्येला आजचं इंग्रजी नाव दिलं. १८४५ साली बंगालात हुगळीला एसडेल नावाच्या डॉक्टरनं अशा गुंगीत शस्त्रक्रिया केल्या. नंतर क्लोरोफॉर्म आलं आणि ते मागे पडलं.

पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी फारियाचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो १९४५ साली घडवला. पुतळ्यात तो हात पसरून उभा आहे आणि समोर एक बाई मागे कलली आहे. बघणाऱ्याला वाटतं, शक्ती त्याच्या हातातून निघतेय. त्याचं म्हणणं मात्र नेमकं उलटं होतं.

मग आज काय? संमोहन म्हणजे शुद्ध हरपणं नव्हे. लक्ष एका जागी आणून, शांत मनाला सूचना देणं, एवढंच ते. शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ भीती, काळजी, दुखणं कमी करायला ते इतर उपचारांच्या जोडीनं वापरतात. प्रत्येकाला ते सारखं लागू पडत नाही. आणि ज्याला बदलायचंच नाही, त्याला बायकोनं पैसे भरले म्हणून कुणी बदलू शकत नाही. रोज खूप पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली, तर झटके येऊन जिवावर बेतू शकतं. त्याला डॉक्टरच हवा.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. त्या ताई रडल्या. म्हणाल्या, "मग मी करू तरी काय?" आम्ही १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर लावला. तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात. त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं. कर्ज आम्ही दिलं, पण पाच हजार नाही. जाण्यायेण्याला आणि तपासणीला लागेल तेवढंच. मालक यायला तयार झाले, तर दोघं सोबत जातील. नाही झाले, तर ताई एकट्या जाऊन विचारून येतील. त्यांच्याबरोबर गटातली एक जण जाणार, हेही ठरलंय.

तुमच्या गावात असा कुणी एका बैठकीत सोडवणारा आला, तर पैसे काढण्याआधी त्याला विचारा, शिक्षण काय, नोंदणी कुठली आणि पावती देणार का? येते. नमस्कार.