कुंभाराचं गाढव आणि अडकलेलं काडतूस

मागच्या व्याख्यानात आपण नैयायिकांचा कारणविचार पाहिला. त्यानंतर दोघा-तिघांनी प्रेमळ तक्रार केली, की सर, घट आणि पट आता पुरे, काही अलीकडचं सांगा. मान्य. आज लंडनमधली १९७४ सालची एक संध्याकाळ घेऊ या, आणि त्यातलं एक छोटं पिस्तूल. घट मात्र पूर्ण टाळता येईल असं आम्हांला वाटत नाही.

तारीख २० मार्च. राजकन्या अ‍ॅन आणि त्यांचे पती मार्क फिलिप्स एका कार्यक्रमाहून मोटारीनं बकिंगहॅम राजवाड्याकडे परतत होते. 'द मॉल' नावाच्या रस्त्यावर एक फोर्ड एस्कॉर्ट आडवी आली. तिच्यातून उतरलेल्या माणसाला राजकन्येला पळवून न्यायचं होतं. संरक्षणाला पोलीस अधिकारी एकच, जेम्स बीटन. ते खाली उतरले आणि पहिली गोळी त्यांच्याच उजव्या खांद्यात बसली. तशा अवस्थेत त्यांनी आपलं वॉल्थर पीपीके काढून एक गोळी झाडली. ती चुकली. दुसरी झाडायला गेले तर पिस्तूल अडकलेलं. पुढे हा गृहस्थ राजकन्या आणि हल्लेखोर यांच्या मध्ये स्वतःचं शरीर घेऊन उभा राहिला आणि आणखी दोन गोळ्या खाल्ल्या. मोटारचालक, एक शिपाई आणि मदतीला धावलेला एक पत्रकार, असे आणखी तिघं जखमी झाले. सगळे वाचले. बीटन यांना जॉर्ज क्रॉस मिळाला.

आता प्रश्न. पिस्तूल का अडकलं?

आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, पिस्तूल कधी हातात धरलं नाही. कॉलेजात असताना एनसीसीमध्ये पॉइंट टू टू रायफल मात्र चालवली होती. तिच्यात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट आपण हातानं मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडायची, बोल्ट पुढे ढकलला की नवं काडतूस आत. बोल्ट अर्धाच ओढला की हवालदारसाहेब ओरडत. चूक कुणाची, याबद्दल काही शंकाच नसे.

सेल्फ-लोडिंग पिस्तुलात हे काम उडणारी गोळीच करते. तिच्या धक्क्यानं वरची स्लाइड मागे जाते, पुंगळी बाहेर फेकते, स्प्रिंग दबते. मग स्प्रिंग स्लाइडला पुढे लोटते, आणि जाता जाता ती मॅगझीनमधलं वरचं काडतूस ढकलून चेंबरमध्ये बसवते. म्हणजे पहिल्या गोळीचं कार्य हेच दुसरीचं कारण. साखळी चालू आहे तोवर सुंदर. एक कडी निसटली की हातात लोखंडाचा तुकडा.

पिस्तूल जितकं लहान, तितकी ही साखळी कडक शिस्तीची होते. मोठ्या पिस्तुलाच्या स्लाइडला मागे जायला ऐसपैस जागा असते. लहानात अंतर कमी, त्यामुळे मॅगझीनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर उचलायला वेळही कमी. पीपीके १९३१ च्या सुमाराचं. साध्या वेशातल्या माणसाच्या कोटाखाली मावावं म्हणून आधीच्या पीपी पिस्तुलाचं आखूड केलेलं हे रूप. मावण्याची किंमत कुठेतरी द्यावी लागतेच.

काडतुसाचं पाहा. या जातीच्या पिस्तुलांत फार चालणारं पॉइंट थर्टी टू काडतूस ब्राउनिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी काढलेलं. त्याच्या बुडाची कड किंचित बाहेर येते. मॅगझीनमध्ये वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की दोन्ही एकमेकांत अडकून बसतात. गोलतोंडी, लांब गोळी असेल तर मॅगझीनमध्ये मागेपुढे सरकायला जागाच उरत नाही, म्हणून हे क्वचित घडतं. पुढे आखूड, पोकळ तोंडाच्या गोळ्या आल्या आणि तक्रारी वाढल्या. पिस्तूल तेच, काडतूस नावाला तेच, तरी जोडी बिघडली. यात दोष कुठल्या एका वस्तूत नाही, दोन वस्तूंच्या संबंधात आहे. संबंधाला टेबलावर ठेवून तपासता येत नाही, ही तपास करणाऱ्याची खरी अडचण.

अमेरिकी सैन्यानं मार्च १९११ मध्ये कोल्ट आणि सॅव्हेज या दोन पिस्तुलांची परीक्षा घेतली. प्रत्येकातून ६००० गोळ्या. फार तापलं की पाण्यात बुचकळायचं. ब्राउनिंग यांनी रचलेलं कोल्ट एकदाही अडलं नाही, सॅव्हेज ३७ वेळा अडलं. परीक्षा चोख होती, यात वाद नाही. पण ती कुणाच्या हातात झाली? धडधाकट माणसांच्या.

आणि इथे घट परत येतो. नैयायिक म्हणतात, घटाला माती हवी, दंड हवा, चाक हवं. कुंभाराचं गाढवही माती वाहून आणतं, पण ते अन्यथासिद्ध. त्याच्यावाचून घट होऊ शकतो, म्हणून ते कारण नव्हे. यंत्राचा आराखडा काढणारा मनगटाला असंच गाढव समजतो. आराखड्यात मनगट काढलेलं नसतं. प्रत्यक्षात स्लाइड मागे जाताना खालची चौकट कुणीतरी घट्ट धरून ठेवावी लागते. मनगट ढिलं पडलं की चौकटही स्लाइडबरोबर मागे जाते, दोघांमधलं अंतर पुरेसं पडत नाही, पुंगळी नीट बाहेर पडत नाही किंवा पुढचं काडतूस उचललं जात नाही. पिस्तूल लहान आणि हलकं असेल तर हे आणखी सहज होतं. तेव्हा मनगट गाढव नव्हे, दंड आहे. निमित्तकारण. यंत्राचाच भाग, फक्त कारखान्यात न बनलेला.

म्हणून "पिस्तूल खराब होतं की माणसाचा हात डळमळला?" हा प्रश्नच आम्हांला चुकीचा वाटतो. खांद्यात गोळी घुसलेल्या माणसाच्या बाबतीत तर तो थोडा निष्ठुरही आहे. ज्या हत्याराला चालण्यासाठी धट्टाकट्टा हात लागतो, ते नेमकं हात जखमी होण्याच्या प्रसंगासाठी दिलेलं असतं. ही उणीव हत्याराची म्हणा, निवडीची म्हणा. बीटन यांची नव्हे.

निवडीवरून आठवलं. पीपीकेची कीर्ती मुख्यतः कादंबरीची. इयन फ्लेमिंग यांना जेफ्री बूथरॉइड नावाच्या वाचकानं कळवलं, की तुमच्या जेम्स बाँडचं बेरेटा म्हणजे बायकांचं पिस्तूल. फ्लेमिंग यांनी ते मनावर घेतलं. १९५८ च्या 'डॉक्टर नो' मध्ये बाँडकडून बेरेटा काढून घेऊन त्याला पीपीके देतात, कारण आधीच्या मोहिमेत बेरेटा ऐन वेळी अडकलेलं असतं! सल्ला देणाऱ्या वाचकाचं नावही फ्लेमिंग यांनी कादंबरीतल्या शस्त्रतज्ज्ञाला देऊन टाकलं. वाचकांच्या पत्रांना इतकी किंमत आम्हांला कुणी दिल्याचं स्मरत नाही.

मॉलवरच्या प्रसंगानंतर राजघराण्याच्या संरक्षकांकडून पीपीके काढून घेण्यात आलं आणि रिव्हॉल्व्हर आलं. तंत्राच्या दृष्टीनं हे पाऊल मागेच. रिव्हॉल्व्हरची कल्पना पिस्तुलापेक्षा कितीतरी जुनी. पण तिथे पुढचं काडतूस आणण्याचं काम बोट करतं. चाप ओढला की चक्र फिरतं, आधीची गोळी उडाली असो वा नसो. मनगट ढिलं असलं तरी चक्र फिरतंच. बदल्यात गोळ्या कमी मिळतात, पाच किंवा सहा, आणि चाप जड लागतो. पुढच्या पिढीत लंडनच्या पोलिसांकडे पुन्हा सेल्फ-लोडिंग पिस्तुलं आली, ग्लॉक. तोवर मॅगझीन आणि काडतुसं दोन्ही सुधारली होती. मनगट तेच राहिलं, आणि ते घट्ट कसं ठेवायचं हे आता प्रशिक्षणात शिकवतात.

चला, वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ या.